बिल्ला नंबर सहाशे बारा

मी लिहावं असं माझ्याकडं काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. तेव्हा लिहिण्याचं धाडस केलं याची आधीच माफी मागतो.

अंबाजोगाईला शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिंद्रुडजवळ दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. अप्पा, म्हणजे माझे वडील, आमची लाल कंधारी गाय घेऊन तिथं गेले, पण सगळ्यांच्या शेवटी. "गाभण हाय, तिला परक्या दावणीला कशाला बांधू," म्हणत त्यांनी महिना काढला. घरचा कडबा संपला तेव्हा निघाले. म्हणून तिच्या कानातला बिल्ला शेवटचा, सहाशे बारा. तिनं पाऊस येईपर्यंत तग धरावा, एवढंच घरात सगळ्यांना हवं होतं.

माझा प्रोजेक्ट हॅस्केल नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत होता. एकच माहिती साध्या यादीत ठेवली आणि झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या रचनेत ठेवली, तर शोधायला कुठं किती वेळ लागतो, हे मोजायचं. माहिती म्हणून मी छावणीचं रजिस्टर उतरवून आणलं. यादीत पहिल्यापासून एकेक नंबर बघत जावं लागतं. झाडात लहान का मोठा असं विचारत गेलं, की दहाएक पायऱ्यांत नंबर सापडतो. शेवटचा नंबर यादीला सगळ्यात जड, म्हणून मी दर वेळी सहाशे बाराच शोधायचो.

खोलीतला मित्र म्हणायचा, "काय बे, गाय कम्प्युटरला बांधलीस का? शेण कोण काढनार?"

पहिल्यांदा मोजलं तेव्हा लाख वेळा शोधायला लावूनही दोन्हीकडं वेळ जवळपास शून्य आला. मी खूश होऊन सरांना दाखवलं. सर म्हणाले, "ही भाषा आळशी आहे. उत्तर कुणी मागितलंच नाही, तर ती शोधतच नाही. काय सापडलं, हे तू विचारलंस कुठं?"

मी उत्तर छापायची ओळ घातली. मग झाड फार पुढं गेलं. पण छावणीतल्या सकाळच्या हजेरीसारखी सगळी जनावरं ओळीनं बघायची असतील, तर साधी यादीच बरी निघाली. हे नीट लिहून काढण्यात आठ-दहा दिवस गेले.

त्या दिवसांत अप्पांना रोज फोन करायचो. टँकर आला का, जेवलात का, एवढंच विचारायचो. मागच्या खेपेला तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिच्याबद्दल विचारायला जीभ वळत नव्हती. अप्पाही म्हणायचे, "तू तुझं बघ."

प्रोजेक्ट जमा केला त्या दुपारी धीर करून विचारलं, "अप्पा, गाय कशी हाय?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, फोनमध्ये गुरांचा आवाज नव्हता. अप्पा घरी होते.

"तू इचारलं न्हाईस, म्हून मीबी बोललो न्हाई," ते म्हणाले. "गेली ती. आठ दिस झाले. वासरू आडवं आलतं."