शेवटची ओळ आधी

आमच्या कोर्टात अपिलांच्या फायली सांभाळणारे बाबू कोणताही कागद खालून वर वाचतात. टेबलाच्या काचेखालच्या कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या फोटोलाही ते आधी पायाशी बोट टेकवतात, मग मुकुटाशी. "मथळा दाखवाले असते, वकीलसाहेब," ते म्हणतात, "खरी गोष्ट खालतं असते." आम्ही वकील त्यांना हसायचो.

यंदा कोर्टाची हद्द तुटली आणि पलीकडच्या गावांसाठी अपिलाचं नवं कोर्ट निघालं. आदेशातल्या यादीत माझ्या पक्षकार मावशींचं गाव दिसलं, तसं मी पुढचं पान उलटलंच नाही. वावराच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा मावशी हरल्या होत्या. आता आमच्या कोर्टात गेल्या वर्षी दाखल केलेल्या अपिलावरच सगळी भिस्त. तारखेच्या सकाळी त्यांना घेऊन मी नव्या कोर्टाच्या गावी जाणाऱ्या एसटीत बसलो.

गाडी सुरू झाली आणि कोणीतरी बाहेरून पत्रा बडवला. खिडकीखाली बाबू धापा टाकत उभे होते. हातात आदेश, बोट शेवटच्या ओळीवर: आधी दाखल झालेली अपिलं जुन्याच कोर्टात चालतील.

"उतरा लवकर! पुकारा झाला अन् कोनी नसलं तं अपील खारीज व्हईन. इथवर काहून नाही वाचलं?"

वीस वर्षांच्या वकिलीत मी एवढा खजील कधी झालो नव्हतो.

मावशी गोंधळल्या. "पन भाऊ, आमचं गाव तं तिकडं गेलं म्हन्तेत?"

बाबूंनी त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली. "गाव गेलं, मावशी. तुमचं भांडन आपल्यापाशीच हाये."