दाजींचा टर्बो
जळक्या ऑइलचा वास आला की मला आमचे दाजी आठवतात. पोलिओने पाय गेलेला माझा भाऊ मागे दोन चाकं लावलेल्या मोटारसायकलवरून केदारखेड्याहून रोज शाळेत शिकवायला जायचा. दाजींना ती गाडी हळू वाटली. मोबाईलवर दिसेल तेवढंच इंजिन कळणारा हा माणूस भंगारातल्या कारचा, इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो पिशवीत घालून घेऊन आला. "दाजी, मला टायमावर पोचायचंय, उडायचं न्हाई," भाऊ म्हणाला. "तुम्ही असेच मागं राहणार," म्हणत त्यांनी टर्बो बसवायला माझ्याकडे पाना मागितला, आणि जावयाला नाही कसं म्हणायचं म्हणून मी तो दिला. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात, सगळं ऑइल गाळून, धूर सोडत इंजिन जाम झालं. मी पोचलो तेव्हा भाऊ रस्त्याकडेला मातीत बसला होता आणि त्याचेच विद्यार्थी त्याला उचलू बघत होते. "पेट्रोलच भेसळीचं आल्तं," एवढं बोलून दाजी आमच्या घरी पोटभर जेवले आणि गेले. परवा पुन्हा आले. भावाच्या नव्या गाडीभोवती फिरून म्हणाले, "हिला बॅटरीवर करून टाकू." भाऊ कसनुसा हसला. मी गाडीची चावी काढून खिशात घातली आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.