टीव्हीच्या पाठीवर हात

जामबागच्या दुकानात मी एचडी टीव्हींचे रंग न्याहाळत होतो. शेजारचा चाळिशीचा गृहस्थ मात्र पडद्याकडे बघतच नव्हता. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा तो प्रत्येक चालू टीव्हीच्या पाठीला हात लावून तो किती गरम झालाय ते बघत होता. मला हसू आलं. ते त्याने पाहिलं.

"लाइट गई तो टीवी और अम्मी का ऑक्सिजन मशीन एकिच इन्व्हर्टर पे चलते, भाई. जो टीवी ज्यादा गरम, वो बैटरी ज्यादा खाता."

"तो टीवी बंद रखो ना," मी म्हणालो.

"बंद करे तो अम्मी मशीन की आवाज सुनते बैठती. डरती."

तो परत पहिल्या टीव्हीपाशी गेला. मीही हात लावत सुटलो. एक गार लागला, तो त्याला दाखवला. त्याने तळहात टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.