मामाच्या डेऱ्यातली माहेरवाशीण

माणसं रागावली की पाय आपटतात. आमचा बंदूकमामा रागावला की पायताण काढून हातात घ्यायचा अन् आवाज न करता निघून जायचा. हरणामागं फिरून फिरून पायाला लागलेली सवय. घरात एकदम सामसूम झाली की मामी चुलीपासून विचारायची, "आता कशावरून गेले?"

मला अन् ताईला आई-बापामागं त्यानंच वाढवलं. सेनगावच्या अलीकडं आमचं गाव. पुसाच्या महिन्यात हरणं हरभऱ्यात उतरायची, तवा मामा सगळं घर घेऊन माळावर आठ दिवस डेरा टाकायचा. बायका, लेकरं, पिठाचे डबे, सगळं गाडीत. हरणाच्या शिकारीवर बंदी अजून आली न्हवती. आली असली तर आमच्या गावापत्तर पोचली न्हवती.

पण डेऱ्यात मामाचे कायदे सरकारपरीस जास्त. खोकायचं न्हाई, बिडी न्हाई, अन् हरणाला हरीण म्हणायचं न्हाई. नर म्हंजी 'पाटील'. पोटुशी मादी म्हंजी 'माहेरवाशीण', अन् हा शब्द निघाला की बंदूक खाली. मी एकदा विचारलं, "मामा, ती आपला हरभरा खाऊन राहिली अन् तिचं काहून कौतुक?"

"माहेरी आलेली पोर काय खाती ते मोजत बसतोस व्हय रे भिकारड्या?"

मी नकला करायचो. मास्तराची, कंडक्टरची, मामाची. मामाची नक्कल मामाच फर्मावायचा अन् मग त्यातल्या चुका काढायचा.

दुष्काळाच्या आदल्या साली ताई पहिल्या बाळंतपणाला आली व्हती. दाजी, म्हंजी तिचा नवरा, हिंगोलीला कारकून. डेऱ्यावर आला तो तिला परत न्यायलाच. काहून, तर म्हणं त्याच्या घरी काम करायला कुणी न्हाई. ताई रडली. मामा म्हणला, "जावईबापू, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. बोलू निवांत." अन् जावयाचा मान म्हणून सकाळचा पैला बार त्याला दिला.

आमी तिघं बांधामागं पालथे पडलो. हरभऱ्यात एक मादी आली, पोटानं जड, थांबत थांबत. दाजीनं नेम धरला. मामा त्याच्या कानाशी म्हणला, "माहेरवाशीण हाय, जावईबापू. राहू द्या."

दाजीला वाटलं, मामानं ताईचंच काढलं.

"माझ्या बायकोचं मी बघीन," म्हणला, अन् चाप ओढला.

मामानं पडलेल्या मादीच्या अंगावर आपलं उपरणं टाकलं. कुणाला खाऊ दिलं न्हाई, तिथंच पुरलं. दाजीला समजावून सांगितलं तरी 'चुकलं' एवढं तोंडातून निघालं न्हाई. वर म्हणतो, "एवढं ताजं मटण वाया घालून राहिले." मामीनं तरी पैलं ताट त्यालाच वाढलं. जावई ना तो.

मग मी बोललो. म्हंजी माझ्या तोंडून दाजी बोलला. पंगतीत चष्मा सारखा करायची ॲक्शन, नाकातला आवाज: "माझ्या बायकोचं मी बघीन." अन् ठो. लेकरं हसली, मामी पदर तोंडात घालून हसली. दाजी ताटावरून उठला अन् दुपारच्या बसनं ताईला घेऊन गेला.

मामा पायताण हातात घेऊन माळावर निघून गेला. तिसऱ्या दिवशी मला घेऊन हिंगोलीला गेला. दाजीनं गल्लीतल्या चार लोकांसमोर माफी मागायला लावली. नक्कल माझी अन् हात जोडले मामानं. साठीचा माणूस त्या कालपरवाच्या कारकुनाला म्हणला, "पोरगं आगाऊ हाय, पोटात घाला. पोरीला पाठवा." मी म्हणलो, "अन् हरणीचं काय?" मामानं माझा दंड असा दाबला की चार दिवस काळानिळा व्हता.

ताई आली. परतीच्या बसमधी मी विचारलं, "मामा, पुढल्या पुसात डेरा कुठं टाकायचा?"

"ज्यानं माळावर माहेरवाशीण मारली त्याच्याच पाया पडून आलोय," मामा म्हणला. "आता कोणत्या तोंडानं माळावर जाऊ?"

गावात सांगतात, सरकारनं बंदी आणली म्हणून बंदूकमामाचा डेरा मोडला. साफ खोटं. बंदी मागून आली.

गेल्या साली मामा गेला. तेराव्याला दाजी पंगतीत बसून शेजारच्याला सांगत व्हता, "काय डेरा असायचा यांचा. माझ्या तर पैल्याच बारात पडली व्हती."

ताई भात वाढत व्हती. म्हणली, "पोटुशी व्हती. ते बी सांगा की."

अन् त्याचं पान सोडून पुढं गेली.