सोमीआजीचा डावा डोळा

साखरशेत, पौषातला मंगळवार. हजर: सोमीआजीची सून तारा, शेजारचे लक्ष्मणदादा आणि मी. आजी पहाटे गेल्याचं ताराने फोनवर सांगितलं होतं; मी पोचले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

आमच्या भागात आता माणसं ऐंशीच्या पुढे जातात. त्यांना नुसतं जगवायचं नाही, नीट जगू द्यायचं, म्हणून मी, आरोग्यसेविका, गावोगावच्या म्हाताऱ्यांची वही ठेवते: रक्तदाब, दात, काठी, डोळे. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. "तुझ्या वहीत मरायचा रकाना हाय का गं?" ती विचारायची. मी नाही म्हटलं की म्हणायची, "मंग अपुरी हाय तुझी वही."

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जव्हारच्या शिबिरात झालं. आजी सुपातले खडे वेचू लागली, एकटी झऱ्यावर जाऊ लागली. डाव्याला मात्र हात लावू देईना. त्या डोळ्याला अंगणातल्या उंबराखाली बुधी बसलेली दिसायची… तिची बहीण, सात-आठ वर्षांची असताना वारलेली, अजून तेवढीच. उजव्याने पाहिलं की जागा रिकामी. मोतीबिंदूत असे भास होतात, मी समजावलं. आजी हसली. "भास तर भास. तुझं काय खातो? माझ्याबरोबरचं दुसरं कोण उरलंय बोलाया?"

तरी मी डाव्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. दर फेरीला मागे लागले, तेव्हा ती कशीबशी "बरं" म्हणाली. शिबिराच्या दोन दिवस आधी गेले, तर उजवा डोळा तळव्याने झाकून अंगणात बसली होती.

"निरोप घेते तिचा. ऐकत नाय. बाई, मी मधीच गेले तर तिला तू सांग. नायतर बसून राहील पोर."

सवयीने मी तेही वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी गेली. त्या डोळ्याच्या मागे मी लागायलाच नको होतं का… हे मी कोणाला विचारू?

परवा पुन्हा गेले. तारा अंगण झाडत होती, उंबराखालची हातभर जागा सोडून.

"तिथं नाही झाडत?"

"काय झाडू, बाई? तिथं पाचोळा पडतच नाय."

मी त्या जागेसमोर उभी राहिले. मग लहान मुलीशी बोलायला वाकतो तशी वाकले. पुन्हा सरळ झाले आणि वही उघडली. साखरशेतच्या पानावर बुधीला सांगायचं तेवढंच काम बाकी आहे.