काकींच्या अंगणातला नमाज

कुणी देवाचं नाव घेताना दिसलं की हातातलं काम टाकून जागच्या जागी उभं राहणारं माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच असेल, आणि ते नेमकं आमच्या वाट्याला आलं: माझ्या चुलतसासूबाई. देव कुणाचा, हा प्रश्न काकींना कधी पडतच नाही. एकदा मुरबाडच्या स्टँडवर एक ख्रिश्चन नर्स वडापाव हातात धरून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. काकी तिच्यासमोर वहाणा काढून उभ्या! आमची एसटी आमच्यादेखत निघून गेली. मी चिडले, तर म्हणतात, "अगो, ती त्याच्याशी बोलत व्हती ना? मधनंच कशी चालू पडू?" शाळेत प्रार्थना सुरू झाली की डोक्यावर भारा घेऊन त्या कुंपणाबाहेर थांबतात. प्रार्थना संपून हेडमास्तर गणवेशाच्या सूचना देऊ लागले तरी हलत नाहीत. देव कुठे संपला नि हेडमास्तर कुठे सुरू झाले, हे त्यांना कळतच नाही. आम्ही सुना तोंडाला पदर लावून हसायचो.

वैशाखऱ्यात, माळशेजच्या रस्त्याला, काकींचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. घाट उतरून भाजीचा टेम्पो आणणारा एक मुसलमान ड्रायव्हर तिथे थांबायचा आणि चहाआधी अंगणाच्या कडेला चटई टाकून नमाज पढायचा. काकी त्याला जागा झाडून देत, स्टोव्ह बारीक करत आणि गिऱ्हाइकांना दटावत, "चा थांबल जरा. मरत नाय कोन." माणसं गप्प बसत. काकींच्या धाकाने का होईना, पण बसत.

एका रविवारी घाटात फिरायला निघालेली पोरं तिथे उतरली. ड्रायव्हरने जमिनीला कपाळ टेकलं होतं आणि ही पोरं मोबाइल धरून घोषणा देऊ लागली. "घरी जाऊन कर म्हणावं," एकजण ओरडला. बाकावर बसलेले गावातले दोघेही हसले. मला वाटतं, काकींना लागलं ते हे हसणं. त्या झारा हातात घेऊनच मध्ये आल्या. "ए बाबा, आमचा वाघोबा देव कुठं घरात हाय? रानाच्या तोंडाला उघड्यावर बसलाय. वाघबारशीला आमी तिथंच नारल फोडतो. तवा पन मोबाइल धरशील काय?" पोरगा ओशाळला. पण व्हिडिओ पुढे गेलाच. संध्याकाळी गावातली चार माणसं आली. "काकी, हॉटेल चालवायचं हाय ना? त्याला सांगा, दुसरीकडं कर."

"अंगण माजं हाय," काकी म्हणाल्या. त्यानंतर ओळखीची बरीच गिऱ्हाइकं समोरच्या टपरीवर बसू लागली.

पुढच्या खेपेला ड्रायव्हर आला तेव्हा मी तिथेच होते. काकींनी खराटा उचलला. त्याने तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. "काकी, मी काय, टेम्पो घेऊन निघून जाईन. तुमाला इथंच राहायचंय."

काकींनी सवयीने स्टोव्ह बारीक केला. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्याने चटई न टाकता उभ्याउभ्याच चहा घेतला आणि गेला.

आता टेम्पो थांबत नाही. हॉटेलसमोरून जाताना तो एकदा हॉर्न तेवढा वाजवतो. काकी पीठभरल्या हातांनी धावत रस्त्यावर येतात. तोवर तो वळणाआड गेलेला असतो.