माझ्या खिशातलं बूच

पाण्यापासून इतक्या लांब राहून पाण्यावर इतकं प्रेम करणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांशिवाय अख्ख्या यूकेत नसेल, लिहून देते. मूळचे सोलापूरचे, जिथे त्यांच्या लहानपणी नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, आणि आता नॉटिंगहॅमचे, जिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र यायच्या आधी दोनदा भूक लागते. हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ आहेत. आठवडाभर लोकांना झोपवतात आणि शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर ट्रेलरच्या साखळ्या खडखडवून अख्खी गल्ली उठवतात. बोट सेकंडहँड, आणि ती ओढायला काकूंची सात सीटची गाडी, जी खरं तर नातवंडांसाठी घेतलेली. गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा असतो ना, त्यावर लोक प्लॅस्टिकची टोपी घालतात. काकांनी नारळाची करवंटी घातलीय. "मापात बसते," म्हणतात, विषय संपला.

बोट मागे असली की मोटरवेवर डावी लेन सोडायची नाही आणि ओव्हरटेक करणाऱ्या प्रत्येक लॉरीवाल्याला हात करायचा, जणू तो त्यांच्या मुंजीला येऊन गेलाय. राउंडअबाउटला दोन चकरा, कारण पहिल्या चकरेत बोट नीट वळली का ते त्यांना कळत नाही. "तुमची बोट वळली हो, माझी मान नाही वळत आता," इति काकू. रिव्हर्स काकांना येतो, पण गाडीचा, बोटीचा नाही. एकदा कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूत बोटीसकट घुसले, वळणावर ट्रेलर अडकला, मागे दहाबारा गाड्या, आणि खिडकीतल्या मुलीने एनिथिंग एल्स विचारल्यावर काका एकदम शांतपणे, "येस, अ वे आउट, प्लीज." मी मागच्या सीटवर हूडी नाकापर्यंत ओढून आडवी. म्हणजे लाज मला आधीपासूनच वाटायची, हे आत्ताच सांगून टाकते.

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे यादी. ऑपरेशनच्या आधी सगळे थांबतात, एकजण यादी वाचतो, बाकीचे मोठ्याने उत्तर देतात, त्याला टाइम आउट म्हणतात. काका तेच बोटीला करायचे. साखळी? आहे. दिवे? लागतात. धपाटे? काकूंकडे. "अंगठा दाखवलेला चालत नाही, आवाज पाहिजे," हा नियम. यादीत शेवटी बूच. बोटीच्या तळाला मागे एक भोक असतं, ट्रेलरवर असताना पावसाचं पाणी निघून जावं म्हणून, आणि पाण्यात उतरवायच्या आधी त्यात बूच घट्ट बसवायचं. ते काम माझं. निघायच्या आधी बोटीच्या नाकाला हळदकुंकू लागलं की काका बुचालाही लावायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "सगळ्यात लहान, पण सगळ्यांचा जीव याच्यात. सांभाळ, कॅप्टन."

दोन वर्षं ती बोट फक्त तळ्यात फिरली होती. समुद्र पहिल्यांदा गेल्या वर्षीच्या जुलैत, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथल्या उतारावरून ट्रेलर उलटा पाण्यात न्यावा लागतो, म्हणून काकांनी तीन महिने रविवारी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सची प्रॅक्टिस केली, ट्रॉल्या उभ्या करून. सहा-सात तास गाडी हाकून आम्ही पोचलो, काकांनी उताराच्या तोंडाशी नारळ फोडला, आणि समोर वेटसूट घातलेली माझ्या कार्डिफच्या युनिव्हर्सिटीतली गँग. एकीने कुंकू लावलेल्या बोटीकडे बघून विचारलं, "इज दॅट युअर डॅड?" मी म्हटलं, "नो, नो. जस्ट सम गाय, गेव्ह मी अ लिफ्ट."

ज्या माणसाने मला सायकल शिकवली, तो सम गाय.

तेवढ्यात काकांनी खिडकीतून डोकं काढून अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "टाइम आउट! बूच?"

बूच माझ्या खिशात होतं. बोटांत धरलेलं होतं, कुंकू लागून बोटं लाल झालेली. बसवायला जायचं तर सगळ्यांसमोर बोटीखाली वाकावं लागलं असतं, आणि त्या मुलीसमोर मराठीत ओरडून उत्तर द्यावं लागलं असतं. मी लांबूनच अंगठा दाखवला. म्हटलं, ह्या गेल्या की पळत जाऊन बसवू. काकांनी एक सेकंद बघितलं. आवाज मागितला नाही. मग त्यांनी बोट उलटी घेतली, एका दमात, सरळ रेषेत, एकही ट्रॉली न पाडता असं म्हणायला पाहिजे, आणि ती अलगद समुद्रात तरंगली. काकू चक्क टाळ्या वाजवत होत्या. पाच मिनिटांत मागची बाजू खाली बसायला लागली.

किनाऱ्यावरच्या ट्रॅक्टरने बोट बाहेर ओढली. इंजिन गेलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, बूच कोणी लावलं होतं? काका कमरेपर्यंत भिजलेले, म्हणाले, "माय मिस्टेक. आय फरगॉट." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर मोटरवेच्या सर्व्हिसेसला, म्हणजे थांब्यावर, पहिला धपाटा मला दिला, आणि मी तो खाल्ला.

गणपतीत त्यांनी हीच गोष्ट सगळ्या मंडळाला सांगितली, सोलापूरचा माणूस समुद्रात कसा बूच विसरतो ते. लोक हसून हसून बेजार, मीही हसले. मार्चमध्ये बोट विकली. काकूंच्या गाडीला लोखंडी गोळा मात्र अजून आहे, त्यावर करवंटी पण आहे, आणि शनिवारी सकाळी गल्ली शांत असते. इतकी, की मला आपोआप जाग येते.

काका, मंडळाचा दिवाळी अंक तुम्ही जाहिरातींसकट वाचता, म्हणजे इथपर्यंत याल. बूच माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुंकू अजून गेलं नाहीये. तेव्हा अंगठा दाखवला होता, आता आवाज देते. टाइम आउट. बूच? नाही लावलं, काका. माझ्याकडेच होतं.